जुनी फोर-बाय-फोर जीप घरच्या घरी उभी करताना : गोव्यातील नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

सत्तरी, डिचोली, सांगे किंवा धारबांदोडा तालुक्यांतील गावांतून जाताना एखाद्या कुळागराच्या कडेला, पत्र्याच्या मांडवाखाली उभी असलेली जुनी जीप आजही दिसते. कुठे ती बागायतीतील नारळ-सुपारी वाहून नेण्यासाठी घेतलेली असते, कुठे खाणीवरच्या देखरेखीसाठी. २०१२ साली खाणकाम थांबले आणि खाणपट्ट्यातील कितीतरी वाहने जागच्या जागी उभी राहिली. अशी गाडी घरी आणून पुन्हा रस्त्यावर आणण्याची इच्छा अनेकांना असते आणि ती पूर्ण करण्यासारखीच आहे. कारण या जिपांची रचना साधी आहे, सुटे भाग अजून मिळतात आणि हाताशी साधारण हत्यारे असलेला, धीराचा माणूस यांतील बरेचसे काम स्वतः करू शकतो.

अडचण येते ती कामाच्या क्रमाची. नवशिका माणूस बहुधा आधी इंजिन सुरू करण्याच्या मागे लागतो, त्यानंतर रंगावर खर्च करतो, आणि ब्रेक व चॅसिस यांच्याकडे वळेपर्यंत त्याचे पैसे आणि उत्साह दोन्ही संपत आलेले असतात. खरा क्रम याच्या उलट आहे : आधी कागद, मग चॅसिस, मग ब्रेक आणि स्टिअरिंग, त्यानंतर गिअर व इंजिन, आणि रंग सर्वांत शेवटी. गोव्यात या क्रमाला पावसाचीही जोड द्यावी लागते. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आणि उरलेले आठ महिने खाऱ्या वाऱ्यात राहणाऱ्या या प्रदेशात, कोणते काम कोणत्या महिन्यात करायचे हे ठरवल्याशिवाय गंजाशी सामना करता येत नाही. गाडी उन्हाळ्यात आणावी, सुटी करण्याचे, धुण्याचे व चॅसिसचे काम पावसापूर्वी उरकावे, ब्रेक, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि इंजिन यांची कामे पावसाळ्यात छपराखाली करावीत आणि पत्र्याला रंग दिवाळीनंतरच द्यावा. चवथीच्या दिवसांत गॅरेज, लेथ आणि सुट्या भागांची दुकाने बंद असतात, हेही वेळापत्रकात धरून ठेवावे.

कोणती गाडी आणि कोणते कागद

महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज या अमेरिकी कंपनीच्या जिपांची जुळणी सुरू केली, आणि अमेरिकेत १९५३ साली आलेल्या सीजे-३बी या नमुन्यावरून बेतलेल्या गाड्या आपल्याकडे पुढे कित्येक दशके बनत राहिल्या. उंच बोनेट ही त्यांची ओळख. हे बोनेट उंच करावे लागले, कारण खालचे हरिकेन इंजिनच उंच होते. २१९९ सीसीच्या या पेट्रोल इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये बसवलेले असतात. नंतरच्या गाड्यांत, विशेषतः एमएम ५४० मध्ये, प्यूजोचे २११२ सीसीचे एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन आले. यातील आकडे चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटरची बोअर दाखवतात. नवशिक्याने या दोन कुळांतीलच गाडी निवडावी असे माझे स्पष्ट मत आहे. जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत निस्सानच्या परवान्याने बनलेली, लष्करातून लिलावात आलेली जोंगा देखणी आणि दणकट असते, परंतु तिचे सहा सिलिंडरांचे, जवळजवळ चार लिटरचे पेट्रोल इंजिन आणि सुट्या भागांची टंचाई पहिल्याच कामाला पेलणारी नाही.

गाडी कितीही आवडली तरी कागद पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नोंदणीपुस्तकातील चॅसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष धातूवर कोरलेल्या क्रमांकांशी स्वतः ताडून पाहावेत. चॅसिसवरचा क्रमांक गंजाखाली झाकलेला असेल तर तारेच्या ब्रशने हलकेच साफ करावा. ग्राइंडर तिथे मुळीच लावू नये, कारण पुसट झालेला क्रमांक पुढे संशयाचे कारण ठरतो. जुन्या गाड्यांत मूळ पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवलेले वारंवार आढळते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीने पुस्तकात चढलेला असावा लागतो. तो चढलेला नसेल तर ते ओझे खरेदीनंतर आपल्या डोक्यावर येते. केंद्रशासित प्रदेशाच्या काळातील, जीडी अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाची गाडी असेल तर मूळ मालक हयात आहे का, वारसांची संमती मिळेल का, हे आधीच विचारावे. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. नूतनीकरण किती वर्षे थकले आहे ते आपल्या तालुक्याच्या वाहतूक कार्यालयात जाऊन विचारावे. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेली गाडी २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून व्हीए मालिकेत नोंदवता येते, परंतु तिच्या चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठे फेरफार झालेले चालत नाहीत आणि ती रोजच्या वापरासाठी काढता येत नाही. बागायतीत कामाला लावायची गाडी त्यामुळे साध्या नोंदणीतच ठेवावी. उत्तर भारतातून भंगाराच्या भागांवर नव्याने बांधून विकल्या जाणाऱ्या चकचकीत जिपांपासून मात्र दूर राहावे, कारण त्यांचे कागद आणि त्यांचा धातू यांचा मेळ क्वचितच बसतो.

पहिली पाहणी

पाहणीला जाताना लहान हातोडी, जाड स्क्रू ड्रायव्हर, टॉर्च आणि खडू एवढे बरोबर असावे. गाडीखाली शिरून चॅसिसच्या दोन्ही लांब पट्ट्यांवर हातोडीने हलके ठोके मारत जावे. निकोप लोखंड टणत्कार देते. आतून खाल्लेल्या जागी आवाज बसका येतो आणि गंजाचे पापुद्रे गळून पडतात. स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर जिथे चॅसिसला रिव्हेटने बसवलेले असतात ती जागा, मागची आडपट्टी, आणि बॉडी ज्या आधारांवर बसते ते कोपरे सर्वांत आधी पाहावेत. गोव्याची लाल माती तिथे वर्षानुवर्षे दाटून बसते, ओल धरून ठेवते आणि आतून लोखंड खात राहते. स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाबावा. तो आत शिरला तर तेवढा भाग कापून नवा बसवावा लागणार, असे धरून चालावे. बॉडीचा पत्रा गेलेला असेल तर घाबरण्याचे कारण नाही, कारण पत्रा नवा घडवून मिळतो. पाट्यांच्या हँगरांशी चॅसिसला भेगा गेल्या असतील किंवा चॅसिस पिळलेले असेल तर मात्र नवशिक्याने ती गाडी सोडून द्यावी.

दोन्ही अ‍ॅक्सलांचे गिअर-प्रमाण सारखे आहे का, ही एक तपासणी बहुतेक जण करत नाहीत. जुन्या जिपांचे अ‍ॅक्सल अदलाबदल होत आलेले असतात. पुढचे आणि मागचे प्रमाण वेगळे असेल तर फोर-व्हील घालताच गाडी आखडते आणि कशाचा तरी तुकडा पडतो. तपासणीची रीत सोपी आहे. मागचे एकच चाक जॅकने उचलावे, उरलेल्या तिन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी उटी लावावी, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलांना जोर वाटून देणारी गिअरांची पेटी) न्यूट्रलमध्ये घ्यावी आणि हँडब्रेक सोडावा. चाकावर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करून उचललेले चाक बरोबर दोन फेरे फिरवावे आणि तेवढ्यात शाफ्टचे किती फेरे होतात ते मोजावे. सीजे-३बीच्या ५.३८ प्रमाणात शाफ्टचे पाच फेरे पूर्ण होऊन सहाव्याचा एक-तृतीयांशाहून थोडा अधिक भाग होतो. मग हीच मोजणी पुढच्या अ‍ॅक्सलवर करावी. हब सुटणारे, म्हणजे चाक शाफ्टपासून मोकळे करता येणारे असतील तर आधी ते लॉक करावेत.

जागा आणि जिवाची काळजी

काम सपाट काँक्रीटच्या जमिनीवर, छपराखाली करावे. आपल्याकडे अंगणात चिऱ्यांचा ढीग असतोच, आणि जॅकऐवजी गाडी चिऱ्यांवर टेकवून खाली शिरण्याची सवय गावोगावी दिसते. ती सवय जीवघेणी आहे. जांभा दगड सच्छिद्र असतो. अ‍ॅक्सलचा भार एका कडेवर आला की तो पूर्वसूचना न देता फुटतो, आणि पावसात भिजलेला असेल तर लवकरच फुटतो. चार लोखंडी स्टँड विकत घ्यावेत, जॅक फक्त उचलण्यासाठी वापरावा, आणि गाडी स्टँडवर बसल्यानंतर तिला हाताने जोराने हलवून पाहिल्याखेरीज खाली जाऊ नये.

या जुन्या जिपांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, शाफ्टवर असतो. त्यामुळे हँडब्रेक ओढलेला असला तरी मागचे एक चाक जमिनीवरून उचलले की डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळे फिरू देणाऱ्या गिअरांमुळे) ते चाक उलट फिरू शकते आणि जमिनीवरचे दुसरे चाक मोकळे होऊन गाडी घरंगळते. म्हणून उटी लावल्याशिवाय जॅक लावू नये, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. विलीजच्या जुन्या घडणीत डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट आट्यांचे असतात, हेही लक्षात ठेवावे. स्टडच्या टोकावर एल हे इंग्रजी अक्षर कोरलेले दिसले तर नट घड्याळाच्या दिशेने फिरवून सोडायचा असतो. हे माहीत नसल्यामुळे पान्याला लांब पाइप घालून स्टडच तोडले जातात.

ब्रेक ड्रम उघडल्यावर आतली भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे. पेट्रोलची टाकी रिकामी दिसत असली तरी तिला घरी वेल्डिंग करू नये. गाडीवर कुठेही वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी काढून ठेवावी.

सोडणे, धुणे आणि गंज

गाडी सुटी करताना प्रत्येक जोडणीचे मोबाइलवर फोटो काढावेत आणि प्रत्येक भागाचे नट-बोल्ट वेगळ्या डब्यात, नाव लिहून ठेवावेत. शिम (अंतर जुळवण्याच्या पातळ चकत्या) आणि वॉशर कोणत्या बाजूचे, कोणत्या क्रमाने निघाले ते लिहिलेच पाहिजे, कारण फोटोत ते कळत नाही. गंजून बसलेल्या नटावर गंज सोडवणारे तेल आदल्या रात्री मारून ठेवावे, सकाळी पुन्हा मारावे, आणि पान्याने एकदम झटका न देता थोडे घट्ट, थोडे सैल असे पुढे-मागे करीत काढावे. षटकोनी टोक गोल होऊ नये म्हणून रिंग पाना वापरावा. रबर, पेट्रोल किंवा ग्रीस जवळ नसेल तिथे ब्लो लॅम्पने नट तापवणे हा उत्तम उपाय आहे.

चॅसिस उघडे झाले की पहिले काम धुण्याचे आहे आणि ते कंटाळा न करता करावे. गंजात अडकलेले मीठ ग्राइंडरने जात नाही. ते फक्त पाण्याने जाते. रंगाखाली मिठाचा अंश राहिला तर काही महिन्यांत रंगावर तांदळाच्या दाण्याएवढे फोड येतात, आणि फोड फोडला की खाली काळपट ओला गंज दिसतो. म्हणून आधी दाबाच्या पाण्याने, मग ब्रशने, मग पुन्हा पाण्याने धुवावे आणि चॅसिसच्या पोकळीत नळी घालून लाल पाणी येणे थांबेपर्यंत आतूनही धुवावे. किनाऱ्यालगतच्या विहिरीचे पाणी मचूळ असेल तर या कामासाठी नळाचेच पाणी घ्यावे. त्यानंतर तारेचा ब्रश, ग्राइंडरवरची वायर कप आणि खाचांसाठी पॉलिश पेपर यांनी सुटा गंज काढावा. सँडब्लास्टिंग करून घेता आले तर सर्वांत चांगले, परंतु आपल्या दमट हवेत ब्लास्ट केलेल्या उघड्या लोखंडावर काही तासांतच तांबूस झाक चढते. प्रायमर त्याच दिवशी लागेल अशी व्यवस्था आधी करावी, मगच गाडी ब्लास्टिंगला पाठवावी.

लहान भागांसाठी घरी करता येणारी एक पद्धत सुचवावीशी वाटते. प्लास्टिकच्या टबात पाणी घेऊन त्यात धुण्याचा सोडा विरघळवावा, गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाची भंगार पट्टी धन टोकाला जोडून दोन्ही एकमेकांना लागू न देता बुडवून ठेवावीत. एका रात्रीत गंज सैल होतो आणि मूळ धातूची झीज होत नाही. पट्टी स्टेनलेस स्टीलची घेऊ नये, कारण तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. टब उघड्या हवेत ठेवावा, कारण या क्रियेत हायड्रोजन वायू निघतो.

गेलेला भाग कापून नवीन पट्टी वेल्ड करताना जुन्या गंजावर पट्टी चढवू नये. निकोप धातू लागेपर्यंत कापत जावे आणि मूळ जाडीचीच पट्टी लावावी. चॅसिसचे वेल्डिंग अनुभवी वेल्डरकडूनच करून घ्यावे असा माझा आग्रह आहे. रंगासाठी इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर चॅसिसचा काळा रंग घ्यावा. नुसते रेड ऑक्साइड लावून थांबल्यास ते आपल्या हवेत टिकत नाही. गंजावरच जाड रबरी अंडरकोटिंग मारून देण्याचा मोह गॅरेजवाले घालतात. ते टाळावे, कारण त्याखाली ओल कोंडते आणि गंज दिसेनासा होऊन वाढत राहतो. जळके इंजिन ऑइल खालून फवारण्याची पद्धतही सोडून द्यावी, कारण ते बुश व ब्रेकच्या रबरी नळ्या खराब करते आणि अंगणातून विहिरीपर्यंत झिरपते. पोकळ्यांमध्ये मेणयुक्त गंजरोधक फवारावे आणि पाणी निघून जाण्याची मूळ भोके मोकळी ठेवावीत.

ब्रेक

जुन्या जिपांचा मास्टर सिलिंडर एकाच वाटेचा असतो. एखाद्या चाकाशी पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. या एका कारणासाठी ब्रेकच्या कामात जुना भाग वाचवण्याचा विचारच करू नये. सर्व लोखंडी पाइप, रबरी होज, व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर नवे घालावेत. साध्या तांब्याची नळी कंपनाने कडक होऊन तडकते, म्हणून ती ब्रेकला लावू नये. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते आणि पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा लवकर निकामी होतो. लहान सीलबंद डबे आणावेत आणि उरलेले ऑइल पुढच्या खेपेसाठी ठेवू नये. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करावी : मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. पेडल कडक लागल्यानंतर ते पूर्ण जोराने एक मिनिटभर दाबून धरावे; ते हळूहळू खाली सरकत असेल तर कुठेतरी गळती आहे.

पुढचा अ‍ॅक्सल, ट्रान्सफर केस आणि गिअरबॉक्स

साधी मोटार दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकलाही पुढचा अ‍ॅक्सल पुरता माहीत नसतो, म्हणून इथे थांबून सांगणे आवश्यक आहे. जिपेचे पुढचे चाक वळते आणि ओढतेही. त्यासाठी अ‍ॅक्सलच्या टोकाला एक मोठा पोकळ लोखंडी गोळा असतो, आणि त्याच्यावर नकल (चाक धरणारा वळता भाग) किंगपिनच्या, म्हणजे उभ्या खिळींच्या आधाराने डावी-उजवीकडे फिरते. आत शाफ्टचा सांधा ग्रीसमध्ये बुडालेला असतो, आणि गोळ्यावर घासत राहणारे सील ते ग्रीस आत व पाणी बाहेर ठेवते. गोव्यात बरीच वर्षे उभ्या असलेल्या गाडीत हा उघडा गोळाच आधी गंजतो. त्यावर टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडतात आणि नवे सील घातले तरी त्या खड्ड्यांच्या कडा ते कापून काढतात. बोट फिरवून पाहावे. बोटाला खरखर लागली तर सीलही टिकणार नाही. उथळ खड्डे बारीक एमरी पेपरने घासून काढता येतात, खोल खड्डे धातू भरण्याच्या इपॉक्सीने भरून गुळगुळीत घासावे लागतात. मग सील, किंगपिनचे बेअरिंग आणि शिम नवे घालून, नकल हाताने फिरवताना किंचित जड पण कुठेही न अडणारी लागेल अशी बसवावी. किंगपिन ढिले राहिले तर रस्त्यावर एखादा खड्डा लागताच स्टिअरिंग दोन्ही हातांत थडथडू लागते, आणि ते थांबवण्यासाठी गाडी जवळजवळ उभी करावी लागते.

हब उघडल्यावर जुने ग्रीस बोटावर घेऊन पाहावे. ते दुधाळ किंवा पिवळट झाले असेल तर आत पाणी गेले आहे, आणि बेअरिंग वरून चांगले दिसले तरी बदलावे. नवे बेअरिंग बसवताना चाक फिरवत नट जड होईपर्यंत आवळावा, मग साधारण एक-षष्ठांश फेरा सैल करावा, आणि वरचे वॉशर वाकवून लॉकनट पक्का करावा.

डाना १८ ही ट्रान्सफर केस साध्या गिअरांची, मजबूत गोष्ट आहे. तिच्यात मधला शाफ्ट झिजण्याची आणि त्याच्या टोकाशी ऑइल गळण्याची तक्रार नेहमीची आहे. हा शाफ्ट, त्यावरचे नीडल बेअरिंग आणि सर्व ऑइल सील एकदाच बदलून घ्यावेत. लो गिअरचे प्रमाण २.४६ असते, म्हणजे चढावर चाकांना जवळजवळ अडीचपट जोर मिळतो आणि तेवढाच भार शाफ्टच्या क्रॉसवर, म्हणजे टोकाच्या वाकत्या सांध्यांवर येतो. क्रॉसमध्ये किंचितही खेळ असेल तर ते बदलावेत, आणि प्रोपेलर शाफ्ट जोडताना दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आहेत ना, हे तपासावे. गिअरबॉक्समध्ये ऑइल भरताना डब्यावरची जीएल-४ ही श्रेणी पाहावी, कारण जीएल-५ मधील रसायने पितळी सिंक्रोरिंग खाऊ शकतात. अ‍ॅक्सलच्या हौसिंगमध्ये, म्हणजे डिफरन्शियलच्या पेटीत, मात्र ईपी ९० चालते.

या गाड्यांत पुढच्या व मागच्या अ‍ॅक्सलमध्ये फरक सांभाळणारे मधले डिफरन्शियल नसते, म्हणून कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील घालून वळणे घेऊ नयेत. चारही टायर एकाच मापाचे, मूळ ६.०० - १६ असतील तर सर्व तेच, आणि झीजही सारखी असलेले असावेत.

इंजिन

फार काळ उभे असलेले इंजिन सेल्फ मारून सुरू करण्याचा प्रयत्न करू नये आणि गाडी दोरीने ओढून तर मुळीच करू नये. प्लग किंवा इंजेक्टर काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ ऑइल यांचे मिश्रण ओतावे, काही दिवस मुरू द्यावे, आणि क्रँकच्या पुलीच्या नटावर पाना लावून हाताने फिरवून पाहावे. इंजिन मोकळे फिरू लागल्यावर ऑइल आणि फिल्टर बदलून कॉम्प्रेशन मोजावे. डिझेल इंजिनासाठी जास्त दाबाचा वेगळा गेज लागतो. पेट्रोलचा गेज त्यावर फुटतो. आकडा किती आला यापेक्षा चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत आहेत का, हे अधिक महत्त्वाचे आहे. एकच सिलिंडर कमी असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंग झिजल्या आहेत, न वाढला तर दोष व्हॉल्व्हमध्ये आहे. बोअरिंग किंवा क्रँक ग्राइंडिंग करायची वेळ आली तर कोल्हापूर आणि बेळगाव इथे जुन्या इंजिनांचा अनुभव असलेली वर्कशॉप आहेत. इंजिन सोबत घेऊन एक दिवस तिथे जाणे सार्थकी लागते.

पेट्रोल गाडीच्या बाबतीत आताची अडचण इंधनाची आहे. पंपावर मिळणारे पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचे आहे, आणि ते जुनी रबरी नळी व पंपाचा डायफ्राम मऊ करून टाकते. शिवाय इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते, त्यामुळे पावसाळ्यात उभ्या गाडीच्या टाकीत तळाशी पाणी साचते. इथेनॉलला टिकणाऱ्या नव्या नळ्या आणि दुरुस्ती-किट घालावे, आणि गाडी महिनाभर वापरात येणार नसेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे ठेवावे. एक्सडीपी डिझेलमध्ये इंधनाच्या वाटेत हवा अडकली की इंजिन धरत नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून फीड पंपाचा हातपंप मारत राहावे आणि बुडबुडे थांबून अखंड धार येऊ लागली की स्क्रू आवळावा. पावसाळी सकाळी इंजिन पांढरा धूर सोडून बंद पडत असेल तर हीटर प्लग एकेक तपासावेत. दोन्ही प्रकारच्या इंजिनांत रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी न भरता कूलंट भरावे.

वायरिंग, पत्रा आणि रंग

वायरिंगमध्ये तुकडे जोडत बसू नये. जिपेचे संपूर्ण वायरिंग मोजक्या तारांचे असते. नवे वायरिंग घालावे, प्रत्येक दिव्याच्या वाटेवर फ्यूज द्यावा आणि अर्थिंगच्या जागा लोखंड दिसेपर्यंत घासून, जोडल्यावर वर ग्रीस लावावे. मंद दिवे आणि सुस्त सेल्फ यांचे कारण आपल्याकडे बहुधा गंजलेले अर्थिंग असते.

पत्र्याच्या कामात लांबीचा, म्हणजे खळगे भरण्याच्या पुटीचा, मोह आवरावा. लांबी ओलावा शोषते. गंजाने पडलेले भोक लांबीने भरले की एका पावसाळ्यात ते पुन्हा उघडते. भोक कापून पत्रा वेल्ड करावा, त्यावर इपॉक्सी प्रायमर लावावे, आणि लांबी फक्त बारीक उंच-सखलपणा काढण्यासाठी प्रायमरवर, पातळ लावावी. रंगाचा दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी यांतील कोरडा निवडावा आणि सकाळी दव वाळल्यावरच सुरुवात करावी. पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश सेल्सियसने जास्त असले पाहिजे, नाही तर डोळ्यांना न दिसणारा ओलावा रंगाखाली राहतो. मडगार्डची आतली बाजू, फ्लोअरखालच्या पट्ट्या आणि बोनेटची खालची बाजू यांना बाहेरच्या बाजूइतकेच कोट द्यावेत, कारण गाडी तिथूनच सडते.

रस्त्यावर

पहिली फेरी मोकळ्या, सपाट रस्त्यावर, सोबतीला दुसरी गाडी घेऊन मारावी. चोर्ला किंवा अनमोड घाट पहिल्या महिन्यात घेऊ नये. उतारावर ब्रेक किती तापतात याचा अंदाज आधी लहान चढ-उतारांवर घ्यावा. प्रत्येक फेरीनंतर ड्रमला हात जवळ नेऊन पाहावे. चारपैकी एकच ड्रम तापला असेल तर त्याचा शू घासत आहे. फोर-व्हील तपासण्यासाठी गाडी समुद्रकिनाऱ्यावर नेऊ नये. गोव्यात किनाऱ्यावर वाहन चालवण्यास बंदी आहे, आणि खारे पाणी एका दुपारी मागील सगळे काम वाया घालवते. बागायतीतील ओला चढ त्यासाठी पुरेसा आहे.

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर पाट्यांचे यू-बोल्ट, चाकांचे नट, स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट आणि शाफ्टचे नट पुन्हा आवळावेत, कारण नवे बुश आणि नवे पाटे बसताना थोडे दबतात. इंजिन उघडले असेल तर त्याच वेळी इंजिन ऑइलही बदलावे. पुढे दर पावसाळ्यापूर्वी आणि दर पावसाळ्यानंतर ग्रीस निपलांत बाजूने नवे ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस भरावे, चाकांचे हब उघडून पाहावेत आणि दोन्ही हौसिंगमधील ऑइल चमचाभर काढून रंग तपासावा. ओढ्याच्या पाण्यातून गाडी नेली असेल तर ही तपासणी त्याच आठवड्यात करावी; ऑइल दुधाळ दिसले तर सगळे काढून टाकावे, हौसिंगचा श्वासनळीसारखा लहान व्हॉल्व्ह मातीने बंद झाला आहे का ते पाहावे आणि नंतरच नवे ऑइल भरावे.